‘माझ्यात काय आहे’ असं वाटत असताना पाचारणाला हो कसं म्हणू?

पत्र:

ताई, जय ख्रिस्त. मी 36 वर्षांची आहे, ऑफिसात हिशेबाचं काम करते. आमच्या मंडळीत आजारी माणसांना आणि ज्यांच्या घरी कोणी वारलंय अशा कुटुंबांना भेटायला जाणारा एक छोटा गट आहे, त्याची जबाबदारी मी घ्यावी असं पाळकसाहेबांनी विचारलंय. खरं सांगायचं तर त्यांनी विचारायच्या आधीपासूनच कितीतरी महिने प्रार्थनेत माझ्या मनात हेच येत होतं, मी कोणाला बोलले नव्हते. पण मी बायबल कॉलेजला गेलेली नाही, चारचौघात मोठ्याने प्रार्थना करायची म्हटलं की घसा कोरडा पडतो, आणि भाऊ गेला तेव्हा मी देवावर इतकी रागावले होते की 2 वर्षं मंडळीत पाऊल टाकलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत आहे. एक बाई तर म्हणाल्याच, हिला काय येतं, हिचाच विश्वास डळमळीत. मिस्टर म्हणतात आधी एखादा कोर्स कर मग बघू. हे खरंच देवाचं पाचारण आहे का माझ्याच मनाचे खेळ? आणि असलं तरी मी त्यावर भरवसा कसा ठेवू?

उत्तर:

जय ख्रिस्त. अगं, तुझं पत्र वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात आली, तू अख्ख्या पत्रात कुठेही असं लिहिलेलं नाहीस की मला हे काम नकोय. काम तुला हवंय, आपण त्याला पुऱ्या पडणार नाही ह्याचीच तेवढी भीती वाटतेय. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते, तू हो म्हण, पण लगेच कायमची जबाबदारी घेऊ नकोस आणि एकटीने तर अजिबात नको. का ते सांगते, जरा लांबेल पण वाच.

हा विषय निघाला की सगळे मोशेचं उदाहरण देतात आणि देऊन पटकन पुढे जातात, बघ तो पण जड जिभेचा होता तरी देवाने त्याला वापरलं, झालं, संपलं. माझं म्हणणं आहे की निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय एकदा सावकाश वाच, आज रात्री वाचलास तरी चालेल. मोशे तेव्हा काही तरणाबांड नव्हता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 80 वर्षांचा होता असं पुढे लिहिलंय. देव त्याला जा म्हणतो आणि त्याचं पहिलं उत्तर काय, तर मी कोण? आता गंमत अशी की ह्या प्रश्नाला द्यायला देवाकडे भरपूर मटेरियल होतं. अरे तू राजवाड्यात वाढलास, मिसरी लोकांची सगळी विद्या शिकलास, तो दरबार तुला आतून माहितीय, नंतर इतकी वर्षं रानात मेंढरं राखलीस म्हणजे ते रान पण तुझ्या पायाखालचं आहे, तुझ्याइतका लायक माणूस मिळणार कुठे. हे सगळं खरंच होतं. कॉन्फिडन्स वाढवायच्या शिबिरात त्याला हीच यादी वाचून दाखवली असती. पण देव त्यातलं एक अक्षर बोलत नाही. तो म्हणतो मी तुझ्याबरोबर असेन. मोशेने स्वतःबद्दल विचारलं होतं आणि देवाने उत्तर दिलं ते स्वतःबद्दल. म्हणजे मोशे लायक आहे का नाही हा वादच देवाने घातला नाही.

आणि त्याच वचनात पुढे खूण दिलीय ती बघ. मी तुला पाठवलंय ह्याची खूण काय, तर तू लोकांना मिसरातून बाहेर काढलंस की ह्याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. खूण आहे, पण काम झाल्यावर मिळणारी! मला हे वचन कितीतरी वर्षं नीट कळायचं नाही, कारण आपल्याला खूण आधी हवी असते, तू पण तीच मागतेयस, आधी खात्री द्या मग मी पाऊल टाकते. मोशेला ती त्या क्रमाने मिळाली नाही आणि मला वाटतं तुलाही नाही मिळायची. काठी, हात, पाणी अशी चिन्हं त्याला पुढे दिली हे खरं, पण ती समोरच्या लोकांना पटावं म्हणून दिली होती.

अजून एक. मोशे एकामागोमाग एक सबबी सांगत जातो, त्यांनी तुझं नाव विचारलं तर, त्यांनी विश्वास नाही ठेवला तर, मला बोलता येत नाही, आणि देव प्रत्येकीला शांतपणे उत्तर देतो. रागावतो तो फक्त शेवटी, जेव्हा मोशे म्हणतो प्रभू दुसऱ्या कोणाला तरी पाठव. म्हणजे भीती बोलून दाखवल्याचा देवाला राग येत नाही, तू मला जे लिहिलंस ते सगळं त्याला सांग, बिनधास्त सांग. आणि रागावल्यावरही देव करतो काय तर म्हणतो तुझा भाऊ अहरोन आहे ना, तो तुला भेटायला निघालाय बघ. निघालाय! मोशेचं नाही नाही चाललेलं असताना मदतनीस ऑलरेडी वाटेवर होता. म्हणून मी वर म्हटलं की एकटीने नको. तुझी अहरोन कोण आहे ते शोध. तुमच्या मंडळीत एखादी मोकळेपणाने प्रार्थना करणारी बाई असेल जिला कदाचित माणसांजवळ शांत बसायला जमत नसेल, तुम्ही दोघी मिळून एक टीम होऊ शकता. येशूने बारा जणांना पाठवलं तेव्हा पण दोघादोघांना पाठवलं.

पण मला दुसरी बाजू पण सांगायलाच हवी, नाहीतर मी तुला नुसतं बरं वाटेल असं लिहिल्यासारखं होईल. आपल्याकडे हल्ली असं बोललं जातं की ज्याला स्वतःला अपात्र वाटतं तोच देवाला हवा असतो. हे अर्धंच खरं आहे. शौल राजाची निवड झाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता, लोकांनी त्याला तिथून शोधून आणला, आणि पुढे त्याने देवाचं ऐकलं नाही आणि देवाने त्याला राजा म्हणून नाकारलं ते तुला माहीतच आहे. त्यामुळे मला किती भीती वाटतेय म्हणजे मी किती नम्र, असा हिशोब करू नकोस. शास्त्रात पात्रता सांगितलेल्या पण आहेत, तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय घे, अध्यक्ष कसा असावा, सेवक कसे असावेत, सगळं लिहिलंय. फक्त ती यादी वाचताना लक्ष दे की तिच्यात शिकवण्याचं कौशल्य एका ठिकाणी येतं आणि बाकी जवळजवळ सगळं वागण्याबद्दल आहे, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट सांभाळणारा असावा, बाहेरच्या लोकांत नाव चांगलं असावं. तर स्वतःला विचारायचं ते ह्या यादीतून विचार. ऐकलेलं पोटात ठेवता येतं का मला? एखाद्या घरातलं दुसऱ्या घरात नेते का मी? सांगितलेल्या वेळेला पोहोचते का? कुठे खरोखर नाही असं उत्तर आलं तर ते गंभीर आहे, त्यावर आधी काम कर. घसा कोरडा पडणं ह्या यादीत कुठेच नाही.

आता पाचारण का मनाचे खेळ. शमुवेलाला देवाने हाक मारली तेव्हा तो तीनदा उठून एलीकडेच पळाला, त्याला आवाज ओळखताच आला नाही. ओळखला कोणी, तर एलीने, म्हाताऱ्या, डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या एलीने, ज्याच्या स्वतःच्या घरात मुलांनी नको ते करून ठेवलं होतं. म्हणजे हाक तुझ्या कानात आली तरी ती कोणाची हे सांगायला कधी कधी दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस परफेक्ट असावं असंही नाही. अंत्युखियातल्या मंडळीत पण तसंच, बर्णबा आणि शौल (हा राजा नव्हे, पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला) यांना वेगळं करा असं पवित्र आत्मा सगळे उपास करत असताना बोलला, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवलं. तुझ्या बाबतीत आत चाललेलं आणि बाहेरून आलेलं एकमेकांना भेटलंय, तू कोणाला काही बोलली नसताना पाळकांनी नेमकं तेच विचारलं. मी ह्याला पक्का पुरावा म्हणणार नाही, योगायोग पण असतात, पण ह्याला वजन आहे हे नक्की. अजून एक बघ, गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी काही झालं तर तुला फोन आला का, कोणी तुझ्याजवळ रडलं का, तू कोणालाही न सांगता कोणाच्या उशाशी जाऊन बसलीस का. बऱ्याचदा पाचारण आधीच चालू झालेलं असतं, पद मागून येतं. आणि तुला नीट ओळखणाऱ्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या एकदोन जणांना विचार, माझ्यात हे दिसतं का तुम्हाला.

भावाबद्दल. तू हे असं लिहिलंयस जणू तो तुझ्यावरचा डाग आहे. मला तसं वाटत नाही. स्तोत्रसंहितेत 88वं स्तोत्र आहे, बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. आणि ते शास्त्रात आहे, कोणी काढून नाही टाकलं. कारण ते म्हणणारा माणूस देवालाच म्हणतोय. तू रागावलीस ती कोणावर, देवावरच ना, म्हणजे तो आहे हे तू धरूनच चालली होतीस. पेत्राने तर तीनदा सरळ नाकारलं होतं आणि प्रभू त्याला समुद्रकाठी भेटला तेव्हा त्याने त्या रात्रीचा जाब विचारला नाही, तीनदा विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक वेळी कळप हातात दिला. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो की देव आमच्या संकटात आमचं सांत्वन करतो ते ह्यासाठी की त्याच सांत्वनाने आम्ही दुसऱ्यांचं करावं. ज्या घरात कोणी गेलंय आणि घरातला एखादा मुलगा दाराआड उभा राहून मनात देवाला शिव्या देतोय, त्याच्याशी कोण बोलणार गं? जिला कधी देवाचा राग आलाच नाही तिला ते फार अवघड जाईल.

फक्त एक विचारते, प्रामाणिक उत्तर दे, मला नको, स्वतःला दे. ते दुःख आता कुठवर आलंय? दुसऱ्याच्या घरी बसल्यावर तुझा भाऊ आठवला, डोळे भरले, ते ठीक आहे. पण जर असं होत असेल की समोरच्याचं ऐकूच येत नाही, तुझंच सगळं वर येतं आणि नंतर कितीतरी दिवस झोप नाही, तर अजून थांब, आधी तू कोणाजवळ तरी बसून बोल, पाळकांशी किंवा चांगल्या समुपदेशकाशी. थांबल्याने पाचारण रद्द होत नाही.

आता मोठ्याने प्रार्थनेचं आणि काय बोलायचं ह्याचं, कारण माझ्या मते तुझी खरी भीती इथेच आहे. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तेवढे सात दिवस त्यांनी बरोबर केलं. चुकलं ते तोंड उघडल्यावर, कारण मग त्यांनी देवाच्या वतीने कारणं द्यायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांनाच सुनावतो. मी अशा घरांत खूप वर्षं जातेय आणि लोकांना जे लागलं असं मी ऐकलंय ते जवळपास नेहमी कोणी तरी पुष्कळ बोलणाऱ्या माणसाचं वाक्य असतं, देवाचीच इच्छा होती, तो चांगल्या माणसांना लवकर बोलावतो, आता तुम्ही खंबीर राहायचं, विश्वास असता तर बरे झाले असते. हे शेवटचं तर कधीच, कुठेच, कोणालाच म्हणू नकोस. आजाऱ्याला बरं होण्याचं वचन स्वतःच्या खिशातून देऊ नकोस. प्रभू लाजाराच्या कबरेपाशी आला तेव्हा थोड्याच वेळात त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी तो रडला, मार्थेला आणि मरीयेला कशाला रडता म्हणाला नाही.

म्हणून तू जाशील तेव्हा थोडाच वेळ बस, आजारी माणूस पटकन थकतो. गेलेल्या माणसाचं नाव घे, लोक नाव घ्यायला घाबरतात आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं. प्रार्थना करू का असं आधी विचार, नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, घरी येऊन कर. हो म्हणाले तर चार ओळी पुरे, कागदावर लिहून नेल्यास तरी काही बिघडत नाही, किंवा 23वं स्तोत्र हळू आवाजात वाच, ते शब्द इतकी शतकं माणसांना पुरलेत, तुझ्या आवाजातही पुरतील. आणि शब्द सुचलेच नाहीत तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आठव, तिथे पौल ‘आम्हाला’ असा शब्द वापरतो, म्हणजे स्वतःला धरून म्हणतो, कशी प्रार्थना करावी ते आम्हाला ठाऊक नाही पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आमच्यासाठी विनंती करतो. हे लिहिणारा पौल आहे बरं का. आणि एखाद्या घरी कोणी जगायचंच नाही असं बोललं तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना, पाळकांना आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. तिथे नुसती प्रार्थना करून निघून यायचं नाही.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नकोस, शिकणं चांगलंच आहे. पण आधी पूर्ण शिकेन मग सुरू करेन ह्याला अंत नसतो. विल्यम कॅरी हे जोडे शिवणारे, कॉलेजचं शिक्षण नाही, भाषा स्वतःच्या स्वतः शिकले, 1793 साली भारतात आले आणि पहिला बाप्तिस्मा व्हायला 1800 साल उजाडलं. म्हणजे 7 वर्षं हाताला काही लागलं नाही, आणि शिकणं आणि काम दोन्ही बरोबरच चालू होतं. पुढे 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेही वैजनाथ पंडितांची मदत घेऊन, कारण मराठी ही काही त्यांची भाषा नव्हती. परत तेच बघ, सोबत कोणीतरी होतं. तेव्हा कोर्स पण कर, संध्याकाळचा, ऑनलाईन, जो जमेल तो, शोकात असलेल्यांशी कसं बोलावं ह्यावरचा असला तर फार उत्तम, आणि भेटी पण चालू ठेव. भेटींमधून जे प्रश्न पडतील ते घेऊन वर्गात बसलीस तर शिकलेलं चिकटतं.

त्या बाईंबद्दल फार लिहीत नाही. पौलाबद्दल पण करिंथमध्ये लोक म्हणत होते की पत्रं वजनदार लिहितो पण प्रत्यक्षात दुबळा आणि बोलणं टाकाऊ. त्याने ते लपवलं नाही, पत्रातच लिहून टाकलं, आणि काम चालू ठेवलं. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस. जमलं तर एकदा त्यांनाच विचार की माझ्यात काय कमी दिसतं तुम्हाला, कदाचित एखादी उपयोगाची गोष्ट निघेल, नाही निघाली तर सोडून दे.

राहिला भरवसा कसा ठेवू हा प्रश्न. बहुतेक तुझी अपेक्षा अशी आहे की भरवसा आला की हे पोटात गोळा येणं थांबेल. मला तसं खात्रीने सांगता येणार नाही, कारण शास्त्रात तसं दिसत नाही. यिर्मयाने मी तर पोर आहे म्हटलं, देव म्हणाला असं म्हणू नकोस, भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, आणि तरीही पुढे सुमारे 40 वर्षं काम करताना तो कितीदा रडला, देवाकडे तक्रार केली, विसाव्या अध्यायात तर आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पाचारण खरं होतं आणि रडणं पण खरं होतं. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला, मिळालं काय तर माझी कृपा तुला पुरे आहे. तेव्हा उद्या दारात उभी राहशील तेव्हा घसा कोरडाच असेल असं धरून चाल. पाण्याची बाटली पर्समध्ये ठेव आणि बेल वाजव. तिथून निघाल्यावर एका वहीत दोन ओळी लिहीत जा, तारीख आणि आज काय झालं ते, कारण आपल्याला आपलं चुकलेलं लक्षात राहतं आणि देवाने सांभाळून घेतलेलं आपण विसरतो. इस्राएल पण यार्देन ओलांडल्यावर दगड रचून ठेवत होते ना, मुलांनी विचारावं म्हणून.

तर पाळकांना भेटून असं सांग. मी तीन महिने करून बघते, जबाबदारीचं नाव आत्ताच देऊ नका. पहिल्या काही भेटींना तुम्ही किंवा अनुभवी कोणीतरी सोबत या, मी बघून शिकेन. माझ्याबरोबर कायम एक जोडीदारीण हवी. महिन्यातून एकदा आपण बसून बोलू, काय जमलं काय नाही, आणि तीन महिन्यांनी तुम्ही, मी आणि ज्यांना आम्ही भेटलो त्यातले एकदोघं मिळून ठरवू की पुढे जायचं का. तेव्हा नाही असं ठरलं तरी ते अपयश नाही, मंडळीत करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे आणि हिशेब येणारी माणसं तर कुठल्याच मंडळीत पुरेशी नसतात. हे सगळं बोलायच्या आधी मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. आणि जोडीदारीण कोण मिळाली ते मला नक्की कळव, मी तुम्हा दोघींची नावं घेऊन प्रार्थना करेन.

तुझी ताई